मुखडा सोडून बोला

सर्वसाधारण माणूस गाणं ऐकतो ते गाणाऱ्यासाठी. लताबाई गायला लागल्या की बोलणं थांबवायचं आणि मधलं संगीत सुरू झालं की राहिलेलं बोलून घ्यायचं, हा घराघरांतला जुना शिरस्ता आहे. बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, बनवायला शिकणारा मुलगा बरोबर याच्या उलट वागतो. त्याला गाणारी बाई गप्प बसायला हवी असते. पहिलं कडवं संपलं, व्हायोलिनं येऊन गेली, बासरी अजून यायची आहे, आणि मधल्या दीड-दोन सेकंदांत नुसता ढोलक आणि बेस सापडला, की तो खुर्चीतून उठतो. मग तेवढाच तुकडा तो संध्याकाळभर वाजवतो. पलीकडच्या खोलीत मुखड्याची वाट पाहून दमलेले आजोबा शेवटी विचारतात, "अरे, रेकॉर्ड अडकली का?"

"अडकली नाही आजोबा, अडकवलीय."

रेकॉर्ड मुद्दाम अडकवण्याच्या या विद्येचं वय आता पन्नाशीच्या पुढे गेलं आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत, एवढाच उदात्त हेतू होता. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी लावायचं काम तिच्या अठरा वर्षांच्या भावाकडे होतं. मूळचा जमैकाचा हा क्लाइव्ह कॅम्पबेल पुढे कूल हर्क या नावाने ओळखला गेला. त्याच्या असं लक्षात आलं होतं की लोक गाण्यावर नाचतच नाहीत. गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं बाजूला होतात आणि काही क्षण एकटा ड्रमवाला उरतो, तेव्हा नाचतात. या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. तर हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांची लज्जत त्याने हवी तेवढी लांबवली आणि गायकाला जवळजवळ बेरोजगार केलं.

हर्कची आणखी एक युक्ती आपल्याकडच्या खाँसाहेबांना लगेच पटली असती. आपण कुठली रेकॉर्ड लावतो हे दुसऱ्या डीजेला कळू नये, म्हणून तो रेकॉर्डी पाण्यात भिजवून त्यांची लेबलं सोलून काढायचा. मैफलीत अनवट राग गायचा आणि नाव विचारलं की पानाचा तोबरा भरायचा, ही कला तोवर फक्त आपल्याच घराण्यांची मक्तेदारी आहे असं वाटत होतं.

नंतर असे तुकडे साठवून वाजवणारी यंत्रं आली. १९८७ साली आलेल्या ‘एसपी-१२००’ या यंत्राची एकूण स्मरणशक्ती होती दहा सेकंदांची. दहा सेकंदांत ड्रम, बेस, एखादा तुतारीचा फटकारा, सगळं कोंबायचं. तेव्हा पोरांनी डोकं लढवलं. ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर लावायची, म्हणजे तुकडा भराभर वाजून कमी जागेत मावतो. नंतर यंत्रात तो पुन्हा हळू करायचा. या उलाढालीत आवाज जरा खरखरीत, मळकट व्हायचा. तो दोष पुढे इतका आवडला, की आज लोक स्वच्छ आवाज मळवण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेतात. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, रॉजर लिन या अभियंत्याने आकाई कंपनीसाठी ‘एमपीसी ६०’ बनवलं. त्यावर सोळा रबरी चौकोन होते. प्रत्येक चौकोनात गाण्याचा एकेक तुकडा ठेवायचा आणि बोटांनी वाजवायचा. लांबून पाहणाऱ्याला माणूस कॅल्क्युलेटरवर चिडला आहे असं वाटतं.

आजच्या नवशिक्याकडे दहा सेकंदांची अडचण नाही. त्याच्या लॅपटॉपमध्ये जगातले सगळे ड्रम आहेत. त्यामुळे तो बीट बनवत नाही, ड्रम निवडतो. रात्री नऊला ‘स्नेअर’ या ड्रमचा आवाज शोधायला बसलेला मुलगा साडेबाराला पहिल्या स्नेअरवर परत येतो आणि "झालं" म्हणतो. जेवायला हाक मारणाऱ्या आईला त्याने मधल्या काळात पाच-सहा वेळा "दोन मिनिटं" सांगितलेलं असतं, आणि आईलाही आता ठाऊक असतं की ही दोन मिनिटं चार-चारच्या ठेक्यात मोजायची नसतात.

मग खरी परीक्षा सुरू होते. नवशिका उत्साहाने साठ-सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं घेतो, त्यातून छानसा तुकडा कापतो आणि ‘लूप’ करतो, म्हणजे शेवट सुरुवातीला जोडून फिरवत ठेवतो. पहिल्या फेरीला मजा येते. आठव्या फेरीला तुकडा आणि ड्रम यांच्यात दरी पडते. विसाव्या फेरीला ते एकमेकांशी बोलत नाहीत. कारण साधं आहे. अमेरिकेतल्या आजच्या गाण्यांसारखी ती गाणी घड्याळाच्या टिकटिकीवर बांधलेली नव्हती. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत सारा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवायचा, आणि जिवंत माणसांचा वाद्यवृंद रंगात आला की किंचित पुढे सरकतो. ऐकणाऱ्याला त्यात चैतन्य वाटतं. संगणकाला ती बेशिस्त वाटते.

पुढचा अडथळा तालाचा. बहुतेक बीट-सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत सोळा चौकोन असतात. केरव्याच्या आठ मात्रा त्यांत सुखाने नांदतात. तीनताल तर असा बसतो की हे यंत्र बनारसमध्येच बनलं असावं अशी शंका यावी. पण मराठी भावगीतांचा आणि हिंदी गझलांचा मोठा संसार दादऱ्यात आहे, आणि दादऱ्याच्या सहा मात्रांना सोळांत काही केल्या ठाव मिळत नाही. नवशिक्याला हे ठाऊक नसतं. तो तुकडा पुढे ओढतो, मागे ओढतो, ताणतो, आणि शेवटी गाण्यातच काहीतरी चुकलंय असं जाहीर करतो. दादरा शतकानुशतकं सहाच मात्रांचा आहे, ही बातमी त्याला तबला शिकणाऱ्या धाकट्या बहिणीकडून मिळते. तीही फुकट मिळत नाही.

तिसरा अडथळा म्हणजे गाणारा आवाज. आता तबला वेगळा, बेस वेगळा, आवाज वेगळा करून देणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. डीझर या फ्रेंच कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ नावाचं असं एक साधन मोफत खुलं केलं. नव्या गाण्यांवर ही सॉफ्टवेअरं बरीच चालतात. पण जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात सगळे एकाच आवाजपट्टीत दाटीवाटीने बसलेले असतात. यंत्र लताबाईंना बाहेर काढतं, तरी त्या पूर्ण जात नाहीत. नुसत्या म्हणून काढलेल्या ढोलकाच्या मागे, पाण्याखालून यावी तशी, एक तान तरंगत राहते. नवशिका ती लपवायला वर पावसाचा आवाज टाकतो. या प्रकाराला ‘लो-फाय’ म्हणतात, आणि जगभरची मुलं तो लावून परीक्षेचा अभ्यास करतात.

हे सगळं जमलं की ‘क्वांटाइझ’ नावाचं बटण समोर येतं. तुमचा प्रत्येक ठोका उचलून ते नेमक्या रेषेवर नेऊन ठेवतं. डेट्रॉइटच्या जे डिला या बीटकाराने हे बटण अनेकदा बंद ठेवलं, ठोके हातानेच जरा मागेपुढे वाजवले, आणि त्या डुलणाऱ्या लयीने त्याला संप्रदायाचा संत केलं. त्याचं ‘एमपीसी ३०००’ यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात काचेआड आहे. हे वाचून प्रत्येक नवशिका ते बटण बंद करतो. अडचण एवढीच, की बटण बंद करून डिला वाजवतो तेव्हा ती लय मानवी वाटते आणि नवशिका वाजवतो तेव्हा ती नुसती चुकलेली वाटते.

आता थोडं नीतिमत्तेबद्दल. बहुसंख्य नवशिक्यांचं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ केलेलं असतं, गाणं यूट्यूबवरून उतरवलेलं असतं आणि ड्रम मित्राने पेनड्राइव्हवर दिलेले असतात. या तिन्हींच्या संगमातून जो बीट तयार होतो, तो मात्र कुणी चोरू नये म्हणून मुलगा त्यावर दर काही सेकंदांनी स्वतःचं नाव घुसवतो. याला ‘प्रोड्यूसर टॅग’ म्हणतात. आशाबाईंचा आलाप चालू आहे, आणि मध्येच एक खर्जातला आवाज पुण्याच्या कुठल्याशा उपनगराचं नाव उच्चारतो. आलाप परवानगीशिवाय घेतलेला, उपनगर पूर्णपणे स्वतःचं.

अर्थात, या कलेत कायद्याशी पहिली मोठी टक्कर अमेरिकेतच झाली. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या एका गाण्याचा तुकडा (अशा तुकड्याला ‘सॅम्पल’ म्हणतात) परवानगी मिळाली नसताना वापरला. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली. म्हणजे तेही एक सॅम्पलच, पण मूळ कर्ता दावा लावील अशी भीती नव्हती. बिझ मार्कीने १९९३ मध्ये पुढचा अल्बम काढला तेव्हा त्याचं नावच ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!’ ठेवलं. सगळ्या तुकड्यांची परवानगी घेतली आहे, हे अल्बमच्या नावातच सांगावं लागणं म्हणजे दारावर नावाच्या पाटीऐवजी वीजबिल भरल्याची पावती चिकटवण्यासारखं आहे.

तेव्हापासून सेकंदांचे दशांश कोर्टात मोजले जाऊ लागले. फंकाडेलिक या बँडच्या गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा एका गाण्यात आला. २००५ मध्ये टेनेसीचा भाग ज्याच्या कक्षेत येतो त्या अपील न्यायालयाने सांगितलं, की परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. तुकडा किती लहान याला महत्त्व नाही. २०१६ मध्ये मॅडोनाच्या ‘व्होग’मधला ०.२३ सेकंदाचा तुतारीचा फटकारा कॅलिफोर्नियाच्या कक्षेतल्या अपील न्यायालयापुढे आला. त्यांनी सांगितलं, इतकं बारीक कोण मोजतं, सोडून द्या. म्हणजे टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये बीट बनवला तर चोरी आणि लॉस एंजेलिसमध्ये बनवला तर किरकोळ बाब. जर्मनांनी अर्थातच सगळ्यांवर मात केली. क्राफ्टवेर्क या बँडच्या १९७७ च्या गाण्यातला दोनेक सेकंदांचा ठेका १९९७ च्या एका गाण्यात लूप झाला, आणि त्यावरचा खटला जर्मनीच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयांतून युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, तिथून पुन्हा जर्मनीत आला. वीस वर्षं तो फिरतच होता. लूप कसा करावा याचा याहून चांगला नमुना खुद्द गाण्यातही नाही.

आपल्याकडची एक जुनी पद्धत या वकिलांना कुणी दाखवली नाही. संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडलं की प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून, ती कुठल्या गाण्यावरून उचलली ते सरळ सांगितलेलं असायचं. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी बड्या घराण्यांच्या बंदिशींतून चाली दिल्या आणि प्रेक्षकांनी मूळ बंदिश ओळखण्यातही आनंद मानला. यात कोणाला पैसे मिळाले, हा प्रश्न वेगळा.

हिंदी सिनेमाची गाणी अमेरिकेत गेली ती मात्र असा पत्ता न लिहिता. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत पोचलं. त्याच्या पाठीमागे १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं लताबाईंचं गाणं जवळजवळ सलग वाजत होतं. निर्माता डीजे क्विक सकाळी दात घासत असताना टीव्हीवर हिंदी वाहिनी चालू होती, ते गाणं लागलं आणि त्याने व्हीसीआरचं बटण दाबलं. संगीतकार बप्पी लाहिरी यांचं नाव कुठेच नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांचं नाव घालेपर्यंत अल्बम विकू नका, असा आदेश निघाला. बप्पीदांचा विजय रास्तच होता. फक्त त्यांच्याच ‘डिस्को डान्सर’मधलं एक गाणं ऐकून ‘बगल्स’ या इंग्रजी बँडच्या १९७९ च्या प्रसिद्ध गाण्याची ज्यांना आठवण येते, त्यांनी त्या दिवशी तोंडावर रुमाल धरला असेल. इकडे मुंबईत २००२ मध्येच ‘ज्योती’मधलं ते विसरलेलं गाणं ‘कलियों का चमन’ या नावाने रिमिक्स होऊन प्रत्येक लग्नात वाजू लागलं. परदेशी जाऊन आलेल्या मुलाला स्थळं येतात, हे गाण्यांनाही लागू आहे.

पण या सगळ्यात शिरोमणी किस्सा त्याच वर्षीच्या ‘रिअ‍ॅक्ट’चा. एरिक सर्मन आणि रेडमन या रॅपरांनी १९६३ च्या ‘ताजमहल’मधल्या कव्वालीचा एक तुकडा घेतला. तुकड्यातली बाई उर्दूत जे म्हणते त्याचा सारांश असा, की एखाद्याला जीव द्यायचीच हौस असेल तर आपण काय करणार! रॅपरला त्यातलं अक्षरही कळलेलं नाही. त्यामुळे तो मोकळेपणाने उत्तर देतो, की ती जे काही म्हणते आहे, तो मीच. कव्वालीचे कवी साहिर लुधियानवी यांच्या लेखणीला इतका प्रामाणिक प्रतिसाद हिंदुस्थानातही क्वचित मिळाला असेल.

या व्यवहारात गायक, संगीतकार, कंपनी, वकील अशा सगळ्यांची नावं येतात. ज्याच्या दीड सेकंदासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं नाव येत नाही. ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवाल्याने सात सेकंदांच्या आसपासचा एक तुकडा वाजवला. रेकॉर्डची ती मागची बाजू होती, तिकडे कोण लक्ष देतं! पुढे हा ‘आमेन ब्रेक’ हजारो गाण्यांत गेला. सन दोन हजारच्या आसपास शाळेतून येऊन कार्टून नेटवर्क लावणाऱ्या मराठी मुलांनीही तो रोज ऐकलाय, कारण ‘पॉवरपफ गर्ल्स’च्या शीर्षकसंगीतात तोच आहे. कोलमन २००६ मध्ये गेला तेव्हा त्याच्याकडे घरही नव्हतं. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड दिले. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’वर ज्याने ठेका धरला, त्या क्लाइड स्टबलफील्डची गतही फार वेगळी नव्हती. त्याच्या आजारपणाचं मोठं बिल गायक प्रिन्सने गुपचूप भरलं होतं, हे प्रिन्स गेल्यावर कळलं.

आपल्या गाण्यांतल्या मधल्या जागा ज्यांनी भरल्या, ती मंडळी बरीचशी गोव्याची आणि मुंबईतल्या पारशी घरांतली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांची गाणी सजवणारे सबॅस्टियन डिसोझा, केर्सी आणि बर्जोर हे लॉर्ड बंधू. गोन्साल्विसांचं नाव तरी शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात घालून घरोघरी पोचवलं, तेही लोकांनी अमिताभचंच मानलं. बाकीच्यांची नावं रेकॉर्डच्या पाकिटावरही छापली जात नसत. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर धुळीत हात घालून रेकॉर्डी चाळणारे परदेशी डीजे मात्र गायकाचं नाव न पाहता वर्ष पाहतात, संगीतकार पाहतात, आणि दुकानदाराला तोंडाने ठेका धरून दाखवतात. दुकानदार सराईत असतो. तो ठेक्याला मान डोलावतो आणि भाव वाढवतो.

नवशिक्यानेही आता कायद्याचा अभ्यास केला आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’चं ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२७ ला मोकळं होतं. इथवर वाचून त्याने टाळी वाजवली. मग पुढचं वाचलं: शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आर. डी. बर्मन १९९४ मध्ये गेले, तेव्हा चालीला २०५४ अखेरपर्यंत हात लावायचा नाही. मजरूह सुलतानपुरी २००० मध्ये गेले, तेव्हा शब्दांना २०६० संपेपर्यंत. तोपर्यंत नवशिक्याचे गुडघे बदलून झाले असतील. राहता राहिला तो ड्रमवाल्याचा उडता तुकडा. त्यात शब्द नाहीत, सूर नाहीत, आणि वाजवणाऱ्याचं नाव पाकिटावर नाही. नवशिक्याच्या हिशेबाने आख्ख्या गाण्यात तेवढंच वेळेवर हाती लागणारं आहे, आणि योगायोगाने त्याला हवं आहे तेही तेवढंच. म्हणून त्याने मोबाइलवर १ जानेवारी २०२७, रात्री बारा वाजताचा गजर लावून ठेवला आहे. गजर म्हणून ‘आमेन ब्रेक’ आहे. तो कुठून घेतला, हे त्याला विचारू नये.